ती तुझ्याकडे आहे असं सांग

१२ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं तर फाड, पण आधी वाच. फोन मी करून पाहिला. एकदा रिंग वाजते आणि तुटते, म्हणजे माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस. त्याचा राग नाही. माझ्याही फोनमध्ये तुझा नंबर नाही, ह्यांनी काढून टाकला. पाठ आहे म्हणून लावता आला.

भिंगरी पुन्हा गेली.

पुन्हा म्हणते, कारण ही पहिली खेप नाही. गेल्या वर्षी दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा पोलिसांनी आणून सोडली. पहिल्यांदा बसस्टँडवर सापडली. दुसऱ्यांदा मोठ्या इस्पितळाच्या आवारात, पेशंटच्या नातेवाइकांमध्ये चादर पांघरून झोपलेली. मी विचारलं, इथे का गं? तर म्हणाली, "इथे कोणी कोणाला विचारत नाही, तू कोणाची म्हणून." पंधरा वर्षांच्या पोरीचं हे बोलणं. तू ओळखणार नाहीस तिला आता. माझ्यापेक्षा उंच झाली आहे.

दुसऱ्या खेपेला ठाण्यातले जमादार म्हणाले, "बाई, पोरीला महिन्याचा पास काढून द्या, जायला-यायला बरं पडेल." टेबलाभोवतीचे सगळे हसले. मलाही हसल्यासारखं करावं लागलं. मग मात्र ते नीट बसून बोलले. "तिसऱ्यांदा नोंद झाली तर आम्ही घरी आणून सोडणार नाही. थेट बालगृह. अठराची होईपर्यंत तिथेच, आणि तुम्ही बसा भेटीचे अर्ज करत."

म्हणून या वेळेला मी ठाण्यात गेले नाही. येईल ती. दोन्ही वेळा आलीच की. चार दिवसांत पोट आत गेलं की घर आठवतं माणसाला.

तोवर कोणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून सांगून टाकलं की मावशीकडे गेली आहे. शेजारच्या शिवणवाल्या वहिनी लगेच म्हणाल्या, "बरं झालं, जरा हवापालट. इथे तर घरातच कोमेजली होती." माणसं नको तिथे बरोबर बोलतात. ह्यांनाही तेच सांगितलं. पेपर खाली न घेता ह्यांनी विचारलं, "कोणाला विचारून गेली?" मी म्हटलं, मला. तर म्हणाले, "मग राहू दे तिथेच. तुझ्या बहिणीला हवीच होती ना ती?"

हे तुला लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, खाडाखोड केली तर जागा पुरायची नाही.

तर मागणं एवढंच. शाळेतून किंवा आणखी कुठून फोन आला तर ती तुझ्याकडे आहे असं सांग. जास्त काही बोलू नकोस. खोटं बोलायला मी लावते आहे, देवापुढे त्याचा जाब मी देईन, तुझ्यावर काही येणार नाही.

धाकटा बरा आहे. चौथीत आहे.

तुझी,
बहीण


२७ जानेवारी

ताई,

तुझे उपकार कसे फेडू? पाच वर्षांत एक शब्द नाही आणि वेळ आली तेव्हा पाठीशी उभी राहिलीस. आईच्या पोटचं नातं शेवटी आईच्या पोटचंच.

शाळेने गैरहजेरी कळवली होती, म्हणून बालकल्याणच्या बाई आल्या. तरुणच आहेत, पायात धावायचे बूट, हातात फायलींचा गठ्ठा. पाणी दिलं तर उभ्यानेच प्यायल्या. मी म्हटलं, मुलगी माझ्या बहिणीकडे आहे. त्यांनी मान हलवली, पण नंबर मागितला आणि माझ्या समोर, दारात उभ्या राहूनच, स्वतःच्या फोनवरून लावला. ताई, मी देवाचं नाव घेत होते, पण ओठ हलतील म्हणून तेही मनातल्या मनात.

बोलणं झालं आणि बाईंचा चेहराच बदलला. म्हणाल्या, "काय गोड बोलतात हो तुमच्या ताई! म्हणाल्या, आत्ताच जेवली, मी तिला वेणी घालून दिली, झोपली आहे, उठवू का? मी म्हटलं नको, झोपू दे." मग फाइलवर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, "अशी माणसं असताना मुलीला तिकडेच राहू द्या थोडे दिवस. आमच्याकडून विषय संपला."

विषय संपला हे ऐकून मी आत जाऊन देवापुढे बसले.

मग बसल्या बसल्या एक विचार आला आणि तो काही केल्या जात नाही. तू हे सगळं माझ्या सांगण्यावरून बोललीस, की खरंच बोललीस? मी तर तुला लिहिलं होतं, जास्त बोलू नकोस. आणि तू जेवण सांगितलंस, वेणी सांगितलीस, झोप सांगितलीस. न बघता इतकं कोणी सांगतं का?

वेणीपाशी मी जरा अडले, खरं सांगते. नोव्हेंबरमध्ये तिचे केस कापावे लागले होते. उवा झाल्या होत्या. ह्यांनीच कापले, मी नुसती तिची मान धरली होती, हलू नये म्हणून. कानाच्या वरपर्यंत गेले. पण केस वाढतात. बोटभर केसांचीही हौसेने वेणी घालणारी माणसं असतात, आणि तुला हौस पहिल्यापासून. लहानपणी तू तिला आरशासमोर बसवून तासभर विंचरायचीस आणि ती बसायची. माझ्याकडे पाच मिनिटं बसत नसे.

ताई, ती आहे का तुझ्याकडे? असेल तर मी न्यायला येणार नाही. एक ओळ लिही. 'आहे' एवढंच.

तुझी बहीण


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. मी पोस्टमनला विचारायचंही सोडलं, तो लांबूनच मान हलवतो.

उत्तर न येण्याचा अर्थ मी असा लावला आहे की तिनेच तुला लिहू दिलं नसेल. 'आईला कळवलंस तर मी इथूनही जाईन' असं ती म्हणू शकते. म्हणेलच ती. मग तू गप्प बसून बरोबरच करते आहेस.

इकडे घर शांत आहे. ह्यांची कारखान्याच्या गेटवरची ड्यूटी या महिन्यात सकाळची आहे. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं हे टिपत दिवस जातो, घरी आले की बोलायला नको वाटतं त्यांना. तू म्हणायचीस तसे ते नाहीत. शिस्त आहे त्यांना, एवढंच. वेळेवर आलं नाही तर गेटवर अर्धा दिवस कापतात आणि घरी जेवण. पण मी मागाहून तिला काहीतरी द्यायची, हे देवाला माहीत आहे. आतल्या खोलीला बाहेरून कडी बसवली तीसुद्धा पहिल्या खेपेनंतर, तिच्याच काळजीने. ह्यांची रात्रपाळी असली की कडी मला लावावी लागायची. लावताना मी जोरात आवाज होऊ देत नसे. तिला वाईट वाटू नये म्हणून.

काल धाकट्याने विचारलं, "ताई मावशीकडे मजा करते का?" मी म्हटलं, हो. "मग मीपण जाऊ?" ह्यांनी वळून पाहिलं तसा तो म्हणाला, "नाही, मला तर इथेच आवडतं." आणि पुस्तक उघडून बसला. उलटं धरलं होतं.

तिचे कपडे तुझ्या गावच्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे. ओळखीचा आहे, शिवणवाल्या वहिनींचा भाचा, डबा पोचवावा तसा पोचवेल. दोन ड्रेस, स्वेटर, तिची उशी (दुसऱ्या उशीवर तिला झोप लागत नाही, पण तुझ्याकडे लागायची, ते वेगळं) आणि डोक्याला बांधायचा रुमाल, केस वाढेपर्यंत. स्वेटरची बाही उसवली होती ती मी शिवली आहे. हे तिला सांगू नकोस, नाहीतर घालणार नाही.

आणि एक गोष्ट. पहिल्या खेपेला ती बसस्टँडवर सापडली असं लिहिलं होतं. ती तुझ्या गावच्या बसमध्ये बसली होती. तिकीटसुद्धा काढलं होतं. पोलिसांनी उतरवलं. हे तेव्हाच तुला कळवायला हवं होतं का? कळवलं असतं तर तू येऊन घेऊन गेली असतीस. तेच मला नको होतं. ती दहा वर्षांची असताना तू म्हणाली होतीस, "हिला माझ्याकडे ठेव, तुझ्या घरात ही झोपत नाही." मला ते इतकं झोंबलं, की स्वतःला मूल नाही म्हणून माझं मागतेस, असं तुला तोंडावर म्हटलं. आता बघ, ती आपल्या पायांनी तिकडेच आली.

आली ना?

तुझी बहीण


२२ फेब्रुवारी

ताई,

गाठोडं परत आलं. वर तुझी चिठ्ठी. 'हे कपडे कोणासाठी पाठवलेस? ती इथे कधीच आली नाही. तू सांग म्हणालीस म्हणून मी सांगितलं. नंतरची पत्रं मी उघडलीच नव्हती, मला वाटलं एव्हाना ती घरी आली असेल.'

मी ती चिठ्ठी ओट्याशी उभ्याने वाचली. दूध उतू गेलं.

तुला दोष देत नाही. मीच सांगायला लावलं. पण ताई, 'उठवू का' हे कशाला म्हणालीस गं? ते म्हणाली नसतीस तर मी इतके दिवस...

नाही. तेही मला समजतं. तुझ्याकडे कोणीतरी विचारलं, मूल आहे का घरात, आणि तुला हो म्हणायला मिळालं.

मी त्याच पावली ठाण्यात गेले. ह्यांना सांगून गेले. ह्यांनी बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं, "तिथे जाऊन सांगणार काय? दीड महिना पोर नाही आणि आपण लपवून ठेवलं हे?" मी म्हटलं, आपण नाही, मी. ते म्हणाले, "मग तू जा," आणि कामावर गेले. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यांच्या बोलण्यात मी पहिल्यांदाच सुटी झाले.

जमादार तेच होते. त्यांनी फोटो मागितला. घरात तिचा शेवटचा फोटो शाळेतला, दोन वेण्यांचा. तोच दिला. म्हणाले, "अजून अशीच दिसते?" मी म्हटलं, केस आता तसे नाहीत. "मग कसे?" मी कानापाशी बोट नेऊन दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लिहायचं थांबले. त्या दिवशी ते हसले असते तर बरं झालं असतं.

मग संगणकावर पाहून म्हणाले, "अहो, ही तर सापडली आहे. बालकल्याणचा शेरा आहे. मावशीच्या ताब्यात, सुखरूप." मी म्हटलं, ते खोटं आहे. "कोण म्हणतं?" मी म्हणते. "तेव्हा तुम्हीच म्हणत होतात खरं आहे. बाई, कागदावर ती सापडलेली आहे. सापडलेलं माणूस आम्ही कसं शोधणार? ज्यांनी आहे म्हणून सांगितलं, त्यांनी इथे येऊन नाही म्हणून जबाब द्यायला हवा."

तर ताई, तुला यावं लागेल. खोटी माहिती दिली म्हणून तुला काही होईल का, ते मी विचारलं. ते म्हणाले, "समज देऊ. कोर्टात गेलं तर पुढचं पुढे." भाऊजी नको म्हणतील. त्यांची नोकरी, लोक काय म्हणतील, सगळं मला दिसतं आहे. तरी ये. इतक्या वर्षांत मी तुला ये म्हटलं नाही, आता म्हणते तेही अशा कामाला.

बालगृहात ठेवू देत. मी भेटीचे अर्ज करीन. माझं अक्षर चांगलं आहे.

वाट पाहते.


८ मार्च

ताई,

पोचलीस का? खिडकीशी बसली होतीस, वारा लागला असेल.

तू आलीस, जबाब दिलास, सही केलीस. जमादार तुला अगदी सभ्यपणे बोलले, "तुम्ही शिकल्या-सवरलेल्या दिसता, असं कसं केलंत?" आणि तू म्हणालीस, "बहिणीने सांगितलं." दुसरं कोणी असतं तर मला राग आला असता. लहानपणी तुझ्या हातून फुलदाणी फुटली तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस, आणि तेव्हाही ते खरंच होतं.

आतल्या खोलीची कडी तू पाहिलीस. बोटाने एकदा उघडलीस, एकदा लावलीस. मी मागे उभी होते. तू बोलशील म्हणून किती वेळ उभी होते.

बसस्टँडवर आपण कॅमेऱ्याच्या खोलीत गेलो ते मी काल ह्यांना सांगितलं. तो मुलगा पडद्यापुढे खुर्ची ओढून देत म्हणाला, "काकू, महिनाभराचंच राहतं. मग त्याच्यावर नवं चढतं. जानेवारीतलं आता देवालासुद्धा दिसायचं नाही." तरी आपण बसलो. त्याच्याकडे होतं त्यातलं सगळ्यात जुनं लावायला सांगितलं आणि अनोळखी लोक बसमध्ये चढताना पाहत बसलो. पिशव्या, पोरं, म्हातारी माणसं. तू मध्येच माझा हात धरलास. एक मुलगी होती, पण ती कोणाचीतरी दुसऱ्याची निघाली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "महिनाभरच ठेवतात? आमच्या गेटवर वर्षभराचं असतं." आणि मग उठून हात धुतले. बराच वेळ धूत होते.

आता तू निघताना जे सांगितलंस त्याबद्दल. गाडी सुरू झाली होती म्हणून तू खिडकीतून घाईने बोललीस. मला वाटतं, मुद्दामच गाडी सुरू होईपर्यंत थांबली होतीस. त्याचा राग नाही. समोर बसून मलाही सांगता आलं नसतं.

तू म्हणालीस, फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक फोन आला होता. अनोळखी नंबर. पलीकडून आधी कोणी बोललंच नाही. तुला वाटलं बालकल्याणच्या बाई पुन्हा खात्री करतायत, म्हणून तूच म्हणालीस, "हो हो, भिंगरी इथेच आहे, मजेत आहे, काळजी करू नका." आणि फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं. त्यांनी तुला फोन केला तो एकदाच, माझ्या दारातून. शाळेत विचारलं. शाळेने केलाच नाही.

तू खिडकीतून कागदावर लिहून दिलेला तो नंबर जमादारांनी लावला. हमरस्त्यावरचा पंक्चरवाला निघाला. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. तो म्हणाला, "साहेब, दिवसाला दहा जण फोन मागतात. नाही कसं म्हणणार? पोरी? येतात की. ट्रकमधून उतरतात, चहा पितात, दुसऱ्या ट्रकमध्ये चढतात. कोणाकोणाला लक्षात ठेवू?" कुठला रस्ता ते त्याने सांगितलं. तिथून तीन रस्ते फुटतात, असं जमादार म्हणाले. त्यांनी फाइल बंद केली नाही, उघडीच ठेवली, पण पेनाला टोपण लावलं.

तुझा नंबर तिलाही पाठ होता, ताई. मी तिला कधी सांगितला नव्हता.

माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही. त्या दुकानात ती उभी आहे, फोन कानाला, आणि जिथे यायला निघाली होती तिथून तिला ऐकू येतं की ती तिथे आधीच पोचली आहे आणि मजेत आहे. तिला काय वाटलं असेल? तुझ्याकडे दुसरी कोणी आणून ठेवली असं वाटलं असेल? की मी तुलाही माझ्यासारखी करून टाकली, असं? मी खूप विचार करते, पण ती कसा विचार करते हे मला ठाऊक नाही. पंधरा वर्षं एका छपराखाली राहून ठाऊक नाही.

तू इथे असताना म्हणालीस, जप वाढव, देव ऐकेल. जप चालू आहे. पण मागायचं काय ते आता सुचत नाही. 'तिला घरी आण' असं म्हणायला बसते आणि जीभ अडते. घरी म्हणजे कुठे?

कडी काढून टाकली. सुताराला नाही बोलावलं, मीच स्क्रू काढले. लाकडात चार भोकं राहिली आहेत. धाकटा येता-जाता त्यांत बोट घालून बघतो.

तो फोन पुन्हा यायचा नाही, हे मला कळतं. तुलाही कळतं. तरी एवढं कर. यापुढे कुठलाही अनोळखी नंबर आला, पलीकडे कोणी बोलत नसेल, तर आधी 'ये' म्हण. कोण आहे ते मागाहून विचार. बँकेचा असो, चुकून लागलेला असो, लोक हसले तर हसू देत.

आणि ती आलीच, तर माझ्याकडे पाठवू नकोस. तेव्हा मागितली होतीस, आज देते. ठेव तुझ्याकडे. मला कळवलंही नाहीस तरी चालेल.

तुझी बहीण